पाहिलेले, ऐकलेले, रचलेले

२०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस महाराष्ट्रातील शाळांतून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी मुले वाचलेल्या पुस्तकावर पानभर मजकूर लिहून आणतात. त्यातले कोणतेही वीस कागद उचलून पाहा. पुस्तक कादंबरीचे असो, चरित्र असो की पक्ष्यांवरचे असो, मजकूर एकच असतो. भाषा सोपी व ओघवती आहे, पुस्तकातून बोध मिळतो, प्रत्येकाने ते जरूर वाचावे. ‘मला हे पुस्तक निम्म्यावर कंटाळवाणे झाले’ असे लिहिणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. ‘यातली अमुक गोष्ट मला पटली नाही’ असे लिहिणाराही नाही.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आपण शिक्षकही पुस्तकांबद्दल असेच बोलतो. प्रयोगवहीत मात्र आपण नेमका उलटा आग्रह धरतो. तापमापीवर जे दिसले तेच लिहा, पुस्तकात छापले आहे म्हणून शंभर अंश लिहू नका, असे आठवीच्या वर्गाला बजावतो. सोलापुरात पाणी शंभराच्या थोडे आधीच उकळते, हे त्या आग्रहामुळेच मुलांना कळते. मग तोच नियम कपाटातल्या पुस्तकांना का लावू नये?

मी समीक्षक नाही आणि साहित्याचा अभ्यासकही नाही. विज्ञान शिकवतो आणि हाती पडेल ते वाचतो. आमच्या गावाला हिराचंद नेमचंद वाचनालयासारखे जुने वाचनालय लाभले आहे, त्यामुळे हाती पडणाऱ्या पुस्तकांत मेळ कसलाच नसतो. एक सवय मात्र लागली आहे. कोणत्याही प्रकारचे पुस्तक असो, मी त्याला एकच प्रश्न विचारतो : हे लेखकाला कसे कळले? त्याने ते पाहिले, कोणाकडून ऐकले, की मनाने रचले? तिन्हींपैकी कोणतीच गोष्ट हलकी नाही. रचलेली कथा उत्तम असू शकते, ऐकलेली माहिती अमोल असू शकते. पण कोणते काय आहे हे वाचकाला कळू नये, अशा रीतीने सगळे एकत्र कालवलेले असले की माझे मन त्या पुस्तकावरून उडते. या एका कसोटीवर काही पुस्तके मला कशी वाटली ते सांगतो. मते माझी आहेत. आपली वेगळी असतील तर चांगलेच आहे.

सुरुवात स्वयंपाकाच्या पुस्तकापासून करतो, म्हणजे कोणी रागावणार नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले. बाईंचे शालेय शिक्षण चौथीपर्यंत झालेले. पण या पुस्तकात वैज्ञानिक लेखनाचा जो गुण आहे तो अनेक विज्ञानपुस्तकांत मला सापडत नाही. त्यांनी मापे दिली आणि तीही घरात असतात ती, वाटी आणि चमचा. ‘अंदाजाने मीठ घाला’ हे वाक्य ज्याला आधीच येते त्याच्या उपयोगाचे. ज्याला येत नाही त्याच्या काहीच कामाचे नाही. वाटी-चमच्याने मोजले की मिरजेत केलेला पदार्थ अमेरिकेत गेलेल्या मुलीला तसाच करता येतो. प्रयोग दुसऱ्याने, दुसरीकडे करावा आणि तोच निष्कर्ष यावा, ही विज्ञानाची अट या पुस्तकाने चुलीपाशी पाळली. वाचायला ते रुक्ष आहे हे खरे. सलग चार पाने कोणी वाचणार नाही. पण ते त्यासाठी लिहिलेलेच नाही. दहावीच्या मुलांना ‘कृती’ कशी लिहावी हे शिकवताना मी यातली एखादी पाककृती फळ्यावर लिहितो. मुले आधी हसतात, मग तिच्यातली मापे मोजू लागतात.

रहस्यकथांकडे वळू. बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजय-झुंझार यांनी तीन पिढ्या जाग्या ठेवल्या आणि हजाराहून अधिक पुस्तके लिहिणारा हा माणूस मराठी वाचनाचा मोठा उपकारकर्ता आहे. त्या कथांत तर्क फारसा नसतो, धावपळ असते. पण अर्नाळकर तसा आवही आणत नाहीत, त्यामुळे तक्रार करण्यासारखे काही नाही. शेरलॉक होम्सची गोष्ट वेगळी. भालबा केळकरांच्या अनुवादामुळे तो मराठी घरांत आला आणि तर्कशास्त्राचा आचार्य म्हणून आपण त्याला मुलांपुढे ठेवतो. आता त्याची १८९२ सालची ठिपकेदार पट्ट्याची गोष्ट घ्या. त्यात हिंदुस्थानातून नेलेला एक साप घंटेच्या दोरीवरून खाली उतरतो, शिट्टी ऐकून परत वर चढतो आणि बक्षीस म्हणून बशीतले दूध पितो! सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीची कंपने आणि हवेतले खालच्या पट्टीतले आवाज त्याला जाणवतात, पण शिट्टीच्या उंच स्वरावर त्याला असे शिकवून तयार करता येईल याला आधार नाही. दूध हे त्याचे अन्नच नाही. नागपंचमीला जी गोष्ट आपण मुलांना कळकळीने सांगतो, तीच जगातल्या सर्वात चतुर गुप्तहेराच्या नजरेतून निसटली. मला ही कथा तरीही आवडते. किंबहुना नववीच्या वर्गाला ती वाचून दाखवून ‘यात चुका शोधा’ म्हणण्यासारखा दुसरा तास नाही. मुले चुका शोधतात आणि कथेवर आणखी जीव लावतात, असा माझा अनुभव आहे.

ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांबद्दल मात्र माझे मत थोडे कडक आहे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. कर्ण, कुंती, दुर्योधन अशी पात्रे आपापली कहाणी स्वतः सांगतात, ही रचना छान आहे. भाषा मला फार अलंकृत वाटते. उपमांच्या गर्दीत माणूस दिसेनासा होतो आणि निम्मी पाने कमी असती तर कर्ण अधिक मोठा झाला असता असे माझे मत आहे. पण खरी अडचण पुढे आहे. मुले, आणि मोठी माणसेही, कादंबरीतला कर्ण हाच महाभारतातला कर्ण समजून वाद घालतात. कादंबरीकाराला रचण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे. ती रचना आहे हे आपण वाचक विसरतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात देशभरातल्या हस्तलिखितांची तुलना करून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून कर्णाला नाकारले, हा सर्वांना तोंडपाठ असलेला प्रसंग त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. मोजक्याच हस्तलिखितांत आढळल्याने तो तळटीपेत गेला. पुरावा कसा तोलतात याचे इतके सुंदर उदाहरण आपल्याच राज्यात घडले आणि आपण ते कधी वर्गात सांगत नाही.

पानिपतावरची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ मध्ये आली. ती जाडजूड आहे, मध्ये मध्ये रेंगाळते, पण एका गोष्टीसाठी मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन. युद्ध म्हणजे तलवारी नव्हेत, तर धान्य, वैरण आणि पैसा, हे ती पानोपानी जाणवून देते. उपाशी सैन्य आणि उपाशी जनावरे डोळ्यांपुढून हलत नाहीत. दुसरी आहे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक अपघातानंतर अशा जगात जातात जिथे १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. परतल्यावर त्यांच्याजवळ पुरावा म्हणून काय असते? बखरीचे एक फाटके पान. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या पानावर ती निसटून जाते. सगळी कथा त्या एका पानावर तोललेली आहे आणि इथे नारळीकरांचा प्रामाणिकपणा दिसतो. ‘हे असे झाले’ म्हणून ते सांगत नाहीत. ‘असे झाले असते तर’ म्हणून सांगतात आणि एकदा मांडलेला नियम शेवटपर्यंत मोडत नाहीत.

पण नारळीकरांबद्दलही मनात असेल ते सांगायला हवे. त्यांच्या बहुतेक विज्ञानकथांत पात्रे उभी राहत नाहीत. शेवटाकडे दोन माणसे खुर्च्यांवर बसतात आणि एक दुसऱ्याला पुंजसिद्धान्त समजावून देतो. गंगाधरपंतांचेही तेच होते. बायका क्वचित येतात, आल्या तरी चहा देऊन जातात असे वाटत राहते. कल्पना पहिल्या दर्जाची आणि माणसे कागदी, हे मी अकरावीच्या मुलांपुढे बोललो तेव्हा काहींना धक्का बसला, इतक्या मोठ्या शास्त्रज्ञाबद्दल असे कसे बोलायचे? त्यावर १९७४ चा किस्सा सांगण्यासारखा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. परीक्षकांनी आपल्या नावाला दबू नये, कथेला कथा म्हणून जोखावे, अशीच त्यांची इच्छा असणार. कथेला पहिले बक्षीस मिळाले. ज्याने स्वतःचे नाव झाकून मत मागितले, त्याच्या कथेवर खरे मत देणे हा अनादर कसा होईल?

चरित्रांचा विषय शिक्षकांच्या फार जवळचा आहे, कारण शाळेत बक्षीस द्यायचे पुस्तक म्हटले की चरित्रच दिले जाते. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ पासून आजतागायत वाचले जाते. मी ते एका बैठकीत संपवले आणि ज्यांना देतो तेही एका बैठकीत संपवतात. गुलामीत जन्मलेला, कृश, अनाथ मुलगा आणि त्याची शिकण्याची ओढ, हे वाचताना डोळे न पाणावणारा माणूस विरळा. पण पुस्तक मिटल्यावर विज्ञानशिक्षकाला प्रश्न पडतो की कार्व्हरने प्रयोगशाळेत नेमके केले काय? वाचकांच्या तोंडी ‘शेंगदाण्यापासून तीनशे पदार्थ’ एवढेच उरते आणि त्यात शेंगदाण्याच्या लोण्याचा शोधही त्याच्याच नावे जमा होतो. ते लोणी त्याने शोधलेले नाही. त्यासारख्या पदार्थाचे पेटंट कॅनडाच्या मार्सेलस एडसनने १८८४ मध्येच घेतले होते. कार्व्हरच्या नावावर पेटंटे तीनच, तीही प्रसाधने आणि रंग यांची. १९१६ च्या त्याच्या प्रसिद्ध पत्रिकेत भुईमुगाचे १०५ पदार्थ आहेत, पण त्यांतले कित्येक त्याने उपलब्ध पाककृतींतून जमवलेले होते आणि तसे त्याने कबूलही केले होते. (आमच्या सोलापूरच्या शेंगाचटणीची वाटी त्याच्यापुढे ठेवायला हवी होती. आकडा १०६ झाला असता.)

यामुळे कार्व्हर लहान होतो का? मुळीच नाही. कापसाने थकलेल्या जमिनीत शेंगवर्गीय पीक घ्या, त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतील, हे त्याने गरीब काळ्या शेतकऱ्यांच्या दारात जाऊन शिकवले. १९०६ पासून त्यासाठी घोडागाडीवरची फिरती शाळा चालवली. पदार्थांच्या आकड्यापेक्षा ही गाडी मला मोठी वाटते. भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रात माणूस इतका उजळ होतो की त्याचे काम दिसत नाही, ही माझी या पुस्तकाबद्दलची तक्रार आहे. पुस्तक द्यावे, जरूर द्यावे. फक्त सोबत भुईमुगाचे एक रोप मुळांसकट उपटून आणावे.

अब्दुल कलामांचे ‘अग्निपंख’, माधुरी शानभाग यांनी मराठीत आणलेले, याच्या बरोबर उलट आहे. त्याच्या मधल्या भागात समित्या, प्रकल्प, अधिकाऱ्यांची नावे यांची इतकी दाटी आहे की दहावीतली मुले तिथेच थांबतात आणि शेवटची प्रेरणादायी पाने वाचून निबंध लिहितात. माझे म्हणणे असे की मुलांना नेमकी मधलीच काही पाने द्यावीत. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले आणि ३१७ सेकंदांत सगळा खेळ संपून यानाचे अवशेष समुद्रात पडले. कलाम ते लपवत नाहीत. झडप उघडी राहिली, नायट्रिक आम्ल गळून गेले, दुसऱ्या टप्प्याला दिशा देणारी यंत्रणा निकामी झाली, हे कारण कसे हुडकले ते सांगतात. पुढे १८ जुलै १९८० रोजी तेच यान यशस्वी झाले. ‘स्वप्ने पाहा’ हे भिंतीवर लिहायला ठीक आहे. झडपेतली घाण शोधणे हे विज्ञान आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’बद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात मला खोट काढता येत नाही. १९५५ सालची ही छोटी कादंबरी माणदेशातल्या धनगरवस्तीवर एकशिक्षकी शाळा चालवायला गेलेल्या पोरसवदा मास्तरची आहे. माणदेशाचा एक पदर आमच्या जिल्ह्यातल्या सांगोला-माळशिरसपर्यंत येतो, म्हणून तो उजाड माळ मला ओळखीचा वाटतो. दुष्काळ का पडतो याचे एका शब्दाने स्पष्टीकरण नाही, पर्जन्यछायेचा उल्लेख नाही. मेंढरे कशी खंगतात, माणसे बिऱ्हाड पाठीवर टाकून कशी निघून जातात, एवढेच लेखक सांगतो आणि मते देत बसत नाही. भूगोलाच्या धड्यानंतर ती वाचावी की आधी, यावर आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकदा वाद झाला. माझे मत आधी.

सोलापूरच्याच त्र्यं. वि. सरदेशमुखांच्या ‘डांगोरा एका नगरीचा’ या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. ती दोनदा हाती घेतली आणि दोन्ही वेळा शंभरेक पानांवर ठेवली. वाक्ये दाट आहेत, माझा श्वास तेवढा नाही. पुस्तक थोर असेल; माझ्यासारख्यासाठी नाही.

आता ज्या लेखकासाठी हा सगळा प्रपंच मांडला त्याच्याकडे येतो. मारुती चितमपल्ली ५ नोव्हेंबर १९३२ ला सोलापुरात जन्मले आणि १८ जून २०२५ ला सोलापुरातच गेले. नारळीकर त्याआधी महिनाही झाला नव्हता तोच, २० मे रोजी, गेले होते. मराठीत निसर्ग आणि आकाश उघडून दाखवणारी दोन माणसे एका उन्हाळ्याच्या अखेरीस निघून गेली. चितमपल्लींनी छत्तीस वर्षे वनखात्यात काढली. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही नावे मराठी वाचकाला घरच्यासारखी वाटतात ती त्यांच्यामुळे. २००६ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात भरले तेव्हा अध्यक्ष तेच होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गावाला त्यांचा अभिमान आहे, मलाही आहे. ते गेल्यावर जे लिहून आले ते सगळे आदराचे होते आणि तसेच असायला हवे होते. पण शाळेच्या कपाटात त्यांची पुस्तके आहेत, ती मुलांच्या हाती द्यायची आहेत, आणि तिथे नुसता आदर पुरत नाही.

आधी मोठेपण सांगतो. त्यांनी शब्द दिले. कावळ्यांच्या सामूहिक वसतिस्थानाला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ हे त्यांचे शब्द. इंग्रजी संज्ञा तोडूनमोडून मराठीत आणणाऱ्या आपल्या पाठ्यपुस्तकांनी शिकावे असे हे काम आहे. शब्द नसला की वस्तू दिसत नाही. सारंगागार हा शब्द शिकलेली मुले तळ्याकाठच्या झाडाकडे वेगळ्या नजरेने पाहतात, हे मी पाहिले आहे. ‘रानवाटा’, ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ यांत त्यांची संथ, न घाईची वाक्ये वाचताना रानातली शांतता कानावर येते. शिवाय गोंड, कोरकू, ढीवर यांच्याकडून जे कळले त्याचे श्रेय ते त्यांना देतात. नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांची नावे घेतात. वनाधिकाऱ्याने आदिवासीला गुरू म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे.

अडचण इथेच सुरू होते. जे स्वतः पाहिले ते आणि जे ऐकले किंवा जुन्या पोथीत वाचले ते, दोन्ही चितमपल्ली एकाच आवाजात सांगतात. त्या आवाजावर वाचकाचा इतका विश्वास बसलेला असतो की दोन्हींत फरक करावा असे त्याच्या मनात येत नाही. पक्ष्यांवरून पावसाचा अंदाज बांधण्याचे संकेत त्यांच्या लेखनात आणि मुलाखतींत वारंवार येतात. त्यांतला सर्वात गाजलेला कावळ्याचा. कावळ्याने वैशाखात आंबा, करंज अशा झाडावर घरटे केले तर पाऊस चांगला. बाभळीसारख्या काटेरी झाडावर केले तर पाऊस कमी. दर मे महिन्यात हा मजकूर त्यांच्या नावानिशी वर्तमानपत्रांत येतो, आता मोबाईलवरून फिरतो. हा संकेत नवा नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त कावळ्यावर जो अध्याय आहे त्यात निर्दोष झाडावरचे घरटे सुभिक्षाचे आणि काटेरी किंवा वाळक्या झाडावरचे दुर्भिक्षाचे, असे म्हटलेले आहे. म्हणजे हे ऐकलेले आहे, आणि दीड हजार वर्षांपासून ऐकलेले आहे. जुने आहे म्हणून ते खोटे ठरत नाही आणि खरेही ठरत नाही.

ही केवळ वाङ्मयीन तक्रार नाही. आमच्याकडे वर्गातली निम्मी मुले शेतकऱ्यांची. ‘सर, बांधावरच्या बाभळीवर कावळ्याने घर केलंय, आबा म्हणतात यंदा पेरणी लांबवू. पुस्तकात पण तसंच आहे,’ असे एक मुलगा सांगतो तेव्हा शिक्षकाने काय म्हणावे? ‘थोतांड आहे’ म्हटले तर मुलगा मनातल्या मनात आजोबांची बाजू घेतो आणि ते बरोबरच आहे. शिवाय एक उत्तम पुस्तक त्याच्या हातून सुटते. ‘बरोबर आहे’ म्हटले तर मी पगार कशाचा घेतो? बियाणे, खत, उसनवारी हे सगळे त्या एका निर्णयावर उभे असते.

त्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर पुस्तकावर आहे तसा विश्वास ठेवून मिळत नाही, पुस्तक फेकूनही मिळत नाही. घरटी मोजावी लागतात. आणि मोजायला बसले की पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात येते. सोलापूरच्या माळावर बाभूळ आणि कडुनिंब जिकडेतिकडे. आंबा कुठे विहिरीच्या कडेला. समजा शिवारात कावळ्याच्या घरट्याजोगती शंभर झाडे आहेत आणि त्यांत सत्तर बाभळी आहेत. चाळीस घरट्यांपैकी अठ्ठावीस बाभळीवर सापडली, तर गावात हाहाकार होईल, पण कावळ्याने काहीच निवड केलेली नाही. चाळीसचे सत्तर टक्के अठ्ठावीसच होतात. कोकणात आंबे जास्त, तिथे घरटी आंब्यावर जास्त आणि पाऊसही जास्त! संकेत खरा वाटायला एवढे पुरते. दुसरे असे की एकाच वर्षी एकाच शिवारात काही घरटी आंब्यावर आणि काही बाभळीवर असतात. तेव्हा कोणत्या कावळ्याचे ऐकायचे? आणि तिसरे म्हणजे आमच्याकडचा मोठा पाऊस सप्टेंबरचा, बंगालच्या उपसागरावरून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा. मे महिन्यातल्या कावळ्याला तो कळत असेल तर ती फार मोठी बातमी आहे, तिचा पुरावाही तेवढाच मोठा लागेल.

चितमपल्लींच्याच पिढीवर ज्यांची छाप होती ते सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळ किहीमला सुगरणीची वसाहत पाहिली. शिडीवर आडोसा करून ते दिवसेंदिवस बसले, घरटी आणि पक्षी यांच्या नोंदी ठेवल्या, आणि मग लिहिले की नर एकामागून एक अशी अनेक घरटी बांधतो व माद्या ती तपासून पसंत करतात. त्यांचे म्हणणे कोणालाही पुन्हा तपासता आले. चितमपल्लींच्या बऱ्याच निरीक्षणांना तारीख नाही, संख्या नाही, किती वेळा पाहिले याचा उल्लेख नाही. ललित लेखाला त्याची गरज नसते हे मान्य. पण मग शाळेने त्या लेखांना संदर्भग्रंथाच्या फळीवर ठेवू नये. आमच्या कपाटात त्यांचा ‘पक्षीकोश’ आणि ‘निळावंती’ शेजारी शेजारी होते. निळावंती नावाची एक पोथी आहे, ती वाचली की पशुपक्ष्यांची भाषा कळते आणि वाचणारा वेडा तरी होतो नाहीतर मरतो, ही आख्यायिका मुले आजही डोळे विस्फारून एकमेकांना सांगतात. लोककथा म्हणून ती फार चांगली आहे. मी ती दोन पुस्तके वेगळ्या फळ्यांवर ठेवली, एवढेच केले.

‘रानवाटा’ मात्र मी नववीला देतो, आणि सोबत पेन्सिल देतो. समासात ‘पा’ म्हणजे लेखकाने पाहिलेले, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेले, आणि ठरवता येत नसेल तर प्रश्नचिन्ह. पुस्तकावर खुणा केल्याबद्दल ग्रंथपाल नाराज होतात, म्हणून हल्ली प्रत माझी स्वतःची देतो. प्रश्नचिन्हांवरून वर्गात जी भांडणे होतात ती ऐकण्यासारखी असतात. चितमपल्लींची गोडी त्याने कमी झाल्याचे मला दिसलेले नाही. दोन मुलींनी तर त्यांची आणखी तीन पुस्तके मागून नेली.

घरटी मोजण्याचे काम ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी : एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा हा काळ बरा. शाळेभोवतीचा एक किलोमीटरचा परिसर ठरवून घ्यावा आणि आधी झाडे मोजावीत, मग घरटी. उलटा क्रम ठेवला तर डोळा घरटे असलेलीच झाडे शोधतो. झाडाची जात, घरट्याची उंची आणि तारीख लिहावी. गावकावळा आणि डोमकावळा यांची नोंद वेगळी ठेवावी. पावसाचा आकडा महसूल मंडलाच्या पर्जन्यमापकावरून मिळतो. एका वर्षात काही कळणार नाही. दहा-बारा शाळांनी पाच वर्षे केले तर बोलण्याजोगे काही हाती येईल, आणि आबांनाही ते दाखवता येईल.